न धुतलेल्या किडन्यांचे पाच महिने

"किडनी पांढरी पडली होती का?"

मॅडमनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी माझ्या सगळ्यात देखण्या आलेखासमोर उभी होते. पडद्यावर दोन खांब होते. डावीकडचा बुटका, शस्त्रक्रिया केलेल्या पण सेप्सिस (जंतुसंसर्गातून अवयवांची हानी होणारा आजार) नसलेल्या उंदरांचा. उजवीकडचा उंचच उंच, सेप्सिस झालेल्या उंदरांचा. खांबाची उंची म्हणजे किडनीत सापडलेल्या न्यूट्रोफिल पेशींची, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची, संख्या. पाच महिन्यांची मेहनत त्या दोन खांबांत मावली होती आणि आता फक्त शाबासकी घ्यायची बाकी आहे, अशा थाटात मी उभी होते.

"म्हणजे?"

"किडनी काढण्याआधी हृदयातून सलाइन सोडून रक्त धुऊन काढलंस ना? नीट धुतली की किडनी पांढुरकी पडते. पडली होती का?"

मी धुतली नव्हती. 'मला कुणी सांगितलं नाही' असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण प्रयोगवहीच्या दुसऱ्याच पानावर, माझ्याच अक्षरात, 'परफ्यूजन' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. पहिल्या आठवड्यात हृदयाच्या डाव्या कप्प्यात सुई नीट बसेना, वेळ जात होता, म्हणून मी ती पायरी गाळली. पुढच्या आठवड्यातही गाळली. मग ती गाळलेलीच अंगवळणी पडली.

एवढ्याशा पायरीने काय होतं, असं कुणाला वाटेल. हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं साधारण पाचाला एक भाग रक्त, कधी त्याहूनही जास्त, किडन्यांकडे जातं. माणसात दोन्ही किडन्यांचं मिळून वजन शरीराच्या अर्धा टक्काही नसतं. म्हणजे न धुतलेली किडनी ही रक्तात बुडालेल्या स्पंजासारखी असते. सेप्सिसमध्ये रक्तातच न्यूट्रोफिल वाढतात. मी किडनीतल्या पेशी मोजत होते की किडनीत त्या क्षणी असलेल्या रक्तातल्या? पडद्यावरच्या उंच खांबाकडे बघत मी मनातल्या मनात त्याची उंची कमी करायला लागले.

मी मुळात प्रयोगशाळेतली नाही. डॉक्टर झाल्यावर वर्षभर आयसीयूत काढलं आणि तिथल्या एका रात्रीमुळे इकडे वळले. न्यूमोनियातून सेप्सिस झालेला रुग्ण होता. आयसीयूत लघवीच्या पिशवीला एक खुणा केलेला छोटा कप्पा असतो, दर तासाला नर्स वाकून त्यातला आकडा वाचते आणि तक्त्यात भरते. किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलीटरपेक्षा कमी लघवी सहा तास राहिली की किडनीला इजा झाली असं धरायचं, हा २०१२ पासूनचा मान्य निकष. साठ किलोच्या माणसाला ताशी तीस मिली. त्या रात्री आकडे तिसाच्या खाली गेले, मग विसाच्या, आणि पहाटे कप्प्याचा तळ जेमतेम ओला होता.

आम्हाला शिकवलेलं सोपं होतं. रक्तदाब पडतो, किडनीला रक्त कमी मिळतं, किडनी उपाशी मरते. पण या रुग्णाचा रक्तदाब सलाइन आणि नॉरॅड्रेनॅलिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधावर तासाभरात वर आला होता आणि वरच राहिला. हातपाय गरम होते. तरी किडनी बंद. मी वरिष्ठांना विचारलं तेव्हा "सेप्सिस आहे" एवढंच उत्तर मिळालं. ते उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्यात उत्तर असं काही नव्हतंही.

नंतर वाचायला लागले तेव्हा पहिला धक्का मेंढ्यांनी दिला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेंढ्यांच्या शिरेत ई. कोलाय जंतू सोडून किडनीकडे जाणारं रक्त प्रत्यक्ष मोजलं होतं, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. रक्ताचा प्रवाह कमी झाला नव्हता, वाढला होता. आणि तरीही क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा पदार्थ, चढत गेलं. दुसरा धक्का २०१३ मधला. सेप्सिसने दगावलेल्या माणसांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर बहुतेक पेशी जागच्या जागी, वरवर पाहता धडधाकट. मेलेल्या पेशी इथे-तिथे थोड्या. जिला आपण 'गेली' म्हणतो ती किडनी मेलेलीच नव्हती. मग तिने काम का सोडलं?

संशय साहजिकच जंतूंशी लढायला निघालेल्या पेशींवर जातो. २०१६ साली ठरलेली सेप्सिसची व्याख्याही तेच सुचवते: जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडतो आणि त्यातून जीवावर बेतेल अशी अवयवांची हानी होते. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा अंदाज आहे. यातल्या किती जणांच्या तक्त्यात ते घसरणारे ताशी आकडे असतील, असं मनात येऊन जातं.

तर मी पेशी मोजायला लागले.

त्यासाठी आधी उंदराला सेप्सिस द्यावा लागतो. हे वाक्य लिहायला सोपं आणि करायला अवघड आहे, आणि ते अवघड वाटेनासं झालं की आपण हे काम थांबवावं, असं माझं मत आहे. पद्धत जुनी आहे. १९८० साली ती उंदरांच्या मोठ्या भाईबंदांवर, म्हणजे रॅटवर, नीट मांडली गेली. पूर्ण भूल देऊन पोट उघडायचं, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, म्हणजे अंधांत्र, दोऱ्याने बांधायचं, सुईने छिद्र पाडायचं आणि पोट शिवायचं. आतड्यातले स्वतःचेच जंतू पोटात पाझरतात. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाचं जसं होतं त्याच्या बरंच जवळचं. तुलनेसाठीच्या उंदरांचं पोट उघडून, अंधांत्र हाताळून, काही न करता परत शिवायचं, याला 'शॅम' म्हणतात. वेदनाशामक, कातडीखाली कोमट सलाइन, ऊबदार गादी, दर काही तासांनी तपासणी, आणि ठरलेल्या गुणांपेक्षा जास्त त्रास दिसला की प्रयोग बाजूला ठेवून उंदराला तिथेच वेदनारहित मृत्यू. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी या सगळ्यासकट मिळते, किंवा मिळत नाही.

दोरा किती अंतरावर बांधला, सुई किती जाडीची घेतली, यावर आजाराची तीव्रता ठरते. म्हणून एका प्रयोगातल्या सगळ्या शस्त्रक्रिया एकाच हाताने करायच्या असतात. पहिल्या महिन्यात माझा हात दर आठवड्याला वेगळा होता.

गुणांच्या तक्त्यात केस, डोळे, हालचाल, श्वास असे रकाने होते. प्राणीगृहातले काका तो तक्ता कधीच बघायचे नाहीत. पिंजऱ्यात टाकलेला कागदाचा चुरा उंदीर पसरतात, कुरतडतात आणि त्याचं वाटीसारखं घरटं करतात. काका लांबूनच पिंजऱ्यांच्या रांगेवर नजर टाकायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या पिंजऱ्यात घर बांधलेलं नाही, तिकडे आधी बघा." माझ्या तक्त्यात त्या पिंजऱ्यातल्या उंदराचे गुण अजून चांगले असायचे. दोन-तीन तासांनी ते काकांच्या मताशी जुळायचे. मी पुढे तक्त्यात घरट्याचा रकाना घातला.

किडनी हाताशी आली की खरी घाई सुरू होते. उंदराची एक किडनी साधारण दीडशे-पावणेदोनशे मिलिग्रॅमची, बोटाच्या पेराहून लहान. वरचं पातळ आवरण चिमट्याने सोलायचं, बर्फावर ठेवलेल्या बशीत ब्लेडने बारीक चिरायचं, इतकं की तुकडे वेगळे दिसू नयेत. मग कोलॅजिनेज नावाच्या एन्झाइमच्या द्रावणात ३७ अंशावर अर्धा तास हलवत ठेवायचं. पेशींना बांधून ठेवणारं जाळं त्यात विरघळतं. कमी वेळ ठेवलं तर पेशी सुटत नाहीत, जास्त ठेवलं तर त्यांच्या अंगावरच्या ज्या खुणांवरून त्या ओळखायच्या त्याच कुरतडल्या जातात. सोबत डीएनेज घालायचं. एकदा मी ते विसरले. फुटलेल्या पेशींमधून डीएनए बाहेर पडतो आणि लांबच लांब धागे एकमेकांत गुंततात. पिपेट वर उचलली तर टोकाला शेंबडासारखी चिकट तार, आणि त्या तारेत दिवसभराच्या सगळ्या पेशी अडकलेल्या. ती तार पुन्हा पुढे येणार आहे.

मग ४० मायक्रॉनची गाळणी, तांबड्या पेशी फोडणारं द्रावण, बर्फ, सेंट्रिफ्यूज, पुन्हा बर्फ. शेवटी रंग लावलेली प्रतिपिंडं. सगळ्या पांढऱ्या पेशींवर सीडी४५ नावाची खूण असते, न्यूट्रोफिलवर लाय-६जी, किडनीत राहणाऱ्या मॅक्रोफेजवर (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशींवर) एफ४/८० ठळक. फ्लो सायटोमीटर एकेक पेशी लेझरसमोरून नेतो आणि कोणता रंग किती चमकला ते नोंदवतो. पडद्यावर ठिपक्यांचे ढग दिसतात, त्यांच्याभोवती माउसने कुंपण घालायचं. कुंपणातले ठिपके मोजायचे.

इथे किडनी आणखी एक खोडी काढते. तिच्या नलिकांच्या पेशी मुळातच चमकतात, कसलाही रंग न लावता. सुरुवातीला माझ्या पडद्यावर एक ढग दिसला जो सगळ्याच रंगांत उजळ होता. न्यूट्रोफिलही, मॅक्रोफेजही, टी पेशीही. मी दोन दिवस अशा भ्रमात होते की मला नव्या जातीची पेशी सापडली आहे. ते नलिकांचे तुकडे होते.

एवढं सगळं शिकून, पाच महिने करून, धुतलेलं मात्र नव्हतं.

त्या मीटिंगनंतर मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "आता दोन गोष्टी कर. धूही, आणि धुतल्यावर जे उरेल ते कुठे आहे तेही विचार." दुसऱ्या गोष्टीसाठी एक युक्ती आहे. किडनी काढण्याच्या तीन मिनिटं आधी, भूल दिलेल्या उंदराच्या शेपटीच्या शिरेतून सीडी४५ चं रंगीत प्रतिपिंड सोडायचं. तीन मिनिटांत ते रक्तवाहिन्यांतून बाहेर ऊतीत झिरपू शकत नाही, त्यामुळे फक्त रक्ताच्या बाजूला असलेल्या पेशींना चिकटतं. नंतर नळीत सगळ्या पेशींना दुसऱ्या रंगाचं सीडी४५ लावायचं. दोन्ही रंग दिसले तर पेशी वाहिनीच्या आत होती. एकच दिसला तर वाहिनी ओलांडून ऊतीत उतरलेली.

कागदावर हे फार सुबक दिसतं. सेप्सिस झालेल्या उंदराची शेपटीची शीर मात्र आक्रसलेली असते, दिव्याखाली ऊब देऊनही ती वर येत नाही, आणि औषध शिरेबाहेर गेलं की शेपटीवर टपोरा फुगा येतो आणि त्या उंदराकडून मिळणारी माहिती गेली. पहिल्या खेपेत माझ्या निम्म्याहून अधिक सुया चुकल्या. हृदयात सुई बसेना म्हणून एक पायरी गाळली होती, आता दोन सुया शिकाव्या लागल्या.

धुताना हृदयाच्या डाव्या कप्प्यात सुई, उजव्या बाजूला छोटा छेद, आणि हळूहळू थंड बफर, म्हणजे सलाइनसारखं द्रावण. शॅम उंदराचं यकृत आधी फिकं पडतं, मग किडन्या. गडद तपकिरी-लाल रंग ओसरतो आणि खाली मेणासारखा पिवळट पांढरा रंग उरतो. पहिल्यांदा ते झालेलं पाहिलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला उगाच बोलावून दाखवलं.

सेप्सिस झालेल्या उंदराची किडनी तशी पडली नाही. बफरचा वेग तोच, वेळ तोच, पण किडनी चट्ट्याचट्ट्यांची राहिली. काही भाग पांढरा, मध्येच लालसर बेटं. मला वाटलं, सुई हलली. दुसऱ्या उंदरात तेच. तिसऱ्यात तेच. वहीत मी लिहिलं: 'धुणं अपुरं, हात सुधारायला हवा.' आता ते पान बघते तेव्हा हसू येतं. उत्तर डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला स्वतःची चूक समजत होते. खऱ्या चुकीला पाच महिने चूक न समजल्याची भरपाई असावी.

आकडे आले. शॅममध्ये धुतल्यावर न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीसे झाले. सेप्सिसमध्ये माझा लाडका उंच खांब अपेक्षेप्रमाणे खचला, पण शॅमच्या पातळीपर्यंत काही खाली आला नाही. धुऊनही बरेच न्यूट्रोफिल उरले होते. आणि त्या उरलेल्यांपैकी बहुतेकांवर दोन्ही रंग होते. म्हणजे ते ऊतीत शिरलेले नव्हते. वाहिनीतच होते, आणि बफरच्या धारेने हलत नव्हते.

या पद्धतीवर विश्वास ठेवावा का, ही शंका मॅक्रोफेजनी मिटवली. किडनीतले मूळ रहिवासी मॅक्रोफेज गर्भावस्थेपासूनच तिथे वस्तीला येतात, नलिका आणि केशवाहिन्या यांच्या मधल्या जागेत राहतात. त्यांच्यातल्या बहुतेकांवर एकच रंग होता, हवा तसाच. तीन मिनिटांचं प्रतिपिंड त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मग किडनीचे पातळ छेद घेऊन कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. केशवाहिन्यांचं अस्तर हिरवं, न्यूट्रोफिल लाल, केंद्रकं निळी. नलिकांच्या भोवती केशवाहिन्यांची जाळी असते, आणि त्या इतक्या अरुंद असतात की त्यातून जाताना न्यूट्रोफिलला अंग चोरून, लांबुळकं होऊन जावं लागतं. सेप्सिसमध्ये तो ताठर होतो आणि वाहिनीचं अस्तर चिकट होतं. एका वाहिनीत मला चार लाल पेशी एकामागे एक अडकलेल्या दिसल्या, एकमेकींना टेकून. त्यांना लागून असलेल्या नलिकेच्या पेशींची आतली मखमली कड, जिला ब्रश बॉर्डर म्हणतात, झडलेली होती. चार पेशींपलीकडची नलिका शाबूत. चट्ट्यांचा अर्थ तिथे लागला. बफर त्या गल्ल्यांत शिरूच शकत नव्हता. जिवंतपणी रक्तही असंच अडत असणार: किडनीच्या दारापर्यंत भरपूर, आतल्या गल्लीबोळात मात्र कुठे आहे, कुठे नाही. मेंढ्यांचं कोडं मला त्या दिवशी निम्मं तरी सुटल्यासारखं वाटलं.

हे मी शोधून काढलं असं अजिबात नाही. सेप्टिक शॉकने दगावलेल्या माणसांच्या किडन्यांतल्या केशवाहिन्यांत पांढऱ्या पेशींची दाटी फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१० सालीच दाखवली होती. मी तो शोधनिबंध वाचलाही होता, अधोरेखितही केला होता. अधोरेखित करणं आणि कळणं यांत बरंच अंतर असतं, निदान माझ्या बाबतीत.

अडकलेला न्यूट्रोफिल नुसता वाट अडवून बसत नाही. जंतू मारायची त्याची हत्यारं, म्हणजे ऑक्सिजनचे जहाल रेणू आणि प्रथिनं चिरणारी एन्झाइमं, तो तिथेच सोडतो, आणि ती जंतू आणि अस्तर यांत भेद करत नाहीत. शिवाय तो स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचं जाळं करतो. हे २००४ मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. जाळ्यात जंतू अडकतात, हा फायदा. त्यातच प्लेटलेट अडकतात आणि वाहिनीत गुठळ्या होतात, हा तोटा. डीएनेज विसरले त्या दिवशीची पिपेटच्या टोकाची चिकट तार आठवते ना? त्याच पदार्थाची तार, आणि तीही पेशी अडकवूनच बसली होती.

मात्र सगळा दोष बाहेरून आलेल्या पेशींना देणंही बरोबर नाही. नलिकेच्या पेशी काही गरीब बिचाऱ्या नाहीत. जंतूंच्या आवरणाचा विषारी तुकडा, एंडोटॉक्सिन, ओळखणारा टीएलआर४ नावाचा ग्राही (रिसेप्टर) त्यांच्या अंगावरही असतो. हा ग्राही म्हणजेच एंडोटॉक्सिनची घंटा, हे १९९८ साली उंदरांवरून उलगडलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्या शोधाचा वाटा होता. एंडोटॉक्सिन किडनीच्या रक्त गाळणाऱ्या गाळणीतून नलिकेच्या सुरुवातीच्या भागात उतरतं, तिथल्या पेशी ते उचलतात आणि धोक्याचे संदेश सोडतात. म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना हाक मारणाऱ्यांत किडनी स्वतःही असते.

आणि मग ती काम आवरतं घेते. नलिकेच्या पेशींची बहुतेक ऊर्जा मीठ परत शोषून घेण्यात जाते. ताणाखाली त्या तो खर्च कमी करतात. न शोषलेलं मीठ पुढे जातं, पुढच्या टप्प्यावरच्या पेशींना ते जाणवतं, आणि त्या गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आवळायला सांगतात. गाळणंच कमी होतं. लघवी कमी होते. पहाटे जेमतेम ओला राहिलेला तो कप्पा एखाद्या मेलेल्या अवयवाचा नसून जीव वाचवण्यासाठी हात आखडलेल्या अवयवाचा असू शकतो, असं आज या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटतं. पण वाटणं आणि माझ्या छेदांवर दाखवणं या वेगळ्या गोष्टी, आणि दुसरी मला जमलेली नाही.

मॅक्रोफेजवर मी पुढचं वर्ष घालवलं, त्यातलं थोडंच सांगते. पहिल्या दिवशी रक्तातून नवे मोनोसाइट (पुढे मॅक्रोफेज होणाऱ्या पेशी) येतात, तापट, दाह वाढवणारे. जे उंदीर चार-पाच दिवस तगले त्यांच्या किडनीत चित्र पालटलेलं होतं. मॅक्रोफेज मेलेले न्यूट्रोफिल गिळत होते, आणि मेलेली पेशी गिळली की मॅक्रोफेजचा स्वभाव बदलतो, तो दुरुस्तीचे संदेश द्यायला लागतो. पुस्तकात याला एम१ (दाहवाले) आणि एम२ (दुरुस्तीवाले) असे दोन कप्पे केलेले असतात. माझ्या पडद्यावर ते दोन ढग कधीच वेगळे झाले नाहीत, एक लांबट पट्टा दिसायचा, त्याच्या मध्ये कुंपण कुठे घालायचं ते माझ्या मनावर. त्या कप्प्यांवर माझा राग आहे. आणि दुरुस्तीवाले मॅक्रोफेजही फार काळ मुक्काम ठोकून राहिले तर व्रणासारखे तंतू वाढतात. आयसीयूतून बरा होऊन गेलेला माणूस काही वर्षांनी किडनीच्या जुनाट आजाराने परत येतो, त्यामागे हेही एक कारण असावं.

टी पेशींकडे मी जवळजवळ पाहिलंच नाही. सेप्सिसमध्ये त्या मोठ्या संख्येने मरतात आणि उरलेल्या थकतात, हे सेप्सिसने दगावलेल्या रुग्णांच्या प्लीहेतल्या पेशींवरून २०११ मध्ये दिसलं. रुग्णाला आठवडाभराने दुसरंच इन्फेक्शन का पकडतं, ते यातून कळतं. तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

दुसऱ्या वर्षाच्या आढावा समितीत मी जे सुचवलं ते कुणालाही सुचलं असतं: लाय-६जी विरुद्धचं प्रतिपिंड देऊन न्यूट्रोफिलच काढून टाकू, किडनी वाचते का पाहू. समितीतल्या एका सर्जननी शांतपणे विचारलं, "मग पोटातले जंतू कोण खाणार?" माझ्याकडे उत्तर होतं, प्रतिजैविकं. ते म्हणाले, "प्रतिजैविकं मी तीस वर्षं देतोय." प्रस्ताव मागे घेतला.

ते बरोबरच होतं. दाह दाबायचे प्रयत्न माणसांत अनेकदा झाले आहेत. दाहाचा संदेश देणारं टीएनएफ हे प्रथिन अडवून पाहिलं, टीएलआर४ अडवणारं एरिटोरान हे औषध २०१३ मध्ये मोठ्या चाचणीत नापास झालं, मृत्यू कमी झाले नाहीत. उंदरात सुई किती वाजता टोचली ते मला मिनिटासकट माहीत असतं. आयसीयूत रुग्ण येतो तेव्हा त्याच्या घड्याळात किती वाजलेत ते कुणालाच ठाऊक नसतं. क्रिएटिनिन वर जायलाच दिवसभर लागतो. तोवर पहिल्या दिवसाच्या पेशी जाऊन दुसऱ्या आलेल्या असतात, आणि जी पेशी काल अडवायला हवी होती ती आज दुरुस्तीला बसलेली असू शकते. भरीस भर म्हणजे माझे उंदीर तरुण आणि निरोगी, आयसीयूतले रुग्ण बहुतेक वयस्क, मधुमेहाचे, आधीच थकलेल्या किडनीचे. उंदराच्या रक्तात लिम्फोसाइट जास्त, माणसाच्या रक्तात न्यूट्रोफिल. माझे चार लाल ठिपके माणसात चार असतील की चाळीस, ते उंदरांवरून सांगता येत नाही.

प्रबंध लिहायला बसले तेव्हा पहिल्या पाच महिन्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी ती फाइल 'चुकीचं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली होती. मॅडमनी ती उघडायला लावली. धुतलेल्या आणि न धुतलेल्या किडन्यांचे आकडे शेजारी ठेवले तर त्यांच्यातला फरक म्हणजे सैल वाहणाऱ्या न्यूट्रोफिलांचा अंदाज, आणि धुऊनही उरलेले ते चिकटलेले. न धुतलेल्या किडन्यांशिवाय ही वजाबाकी करता आली नसती.

"मोजलंस ते खरंच होतं," त्या म्हणाल्या. "नाव चुकीचं दिलं होतंस."

आता तो उंच खांब प्रबंधाच्या परिशिष्टात आहे, जसा होता तसाच, एका ठिपक्याचाही फरक नाही. खाली लिहिलंय: 'मूत्रपिंड, रक्तासकट'.